करुणेची किंमत कोण मोजतो?

दि. ८ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये भालाफेकीची अंतिम फेरी झाली. पाकिस्तानच्या अर्शद नदीमने ९२.९७ मीटर भाला फेकून सुवर्णपदक पटकावले आणि भारताच्या नीरज चोप्राला ८९.४५ मीटरच्या फेकीवर रौप्यपदक मिळाले. हरियाणातील खंडरा या गावी पत्रकारांनी नीरजच्या आईला, सरोजदेवींना, प्रतिक्रिया विचारली. ज्याला सुवर्ण मिळाले तोही आमचाच मुलगा आहे, अशा अर्थाचे त्या सहज बोलून गेल्या. तिकडे पाकिस्तानी पंजाबात अर्शदच्या आईनेही नीरज आपल्याला मुलासारखाच असल्याचे सांगितले. दोन शेतकरी-कष्टकरी घरांतील दोन आयांनी जे सांगितले, ते दोन्ही देशांच्या परराष्ट्र खात्यांना पाऊणशे वर्षांत सांगता आले नव्हते. वृत्तपत्रांनी अग्रलेख लिहिले, वाहिन्यांनी ते शब्द दिवसभर ऐकवले. सारा देश सरोजदेवींच्या साधेपणाचे गोडवे गात होता.

पुढे काय झाले? नीरजने आपल्या नावाची स्पर्धा भरवायचे ठरवले आणि जगातील नामवंत भालाफेकपटूंबरोबर अर्शदलाही निमंत्रण पाठवले. ते निमंत्रण गेले आणि लगेच, २२ एप्रिल २०२५ रोजी, पहलगाम येथे दहशतवाद्यांनी २६ निरपराध माणसांचे प्राण घेतले. त्या हत्याकांडाचा निषेध करावा तेवढा थोडाच आहे. परंतु त्यानंतर नीरजवर जी शिवीगाळ सुरू झाली, ती त्याच्या कुटुंबापर्यंत पोहोचली. आईलाही सोडले नाही. शेवटी २५ एप्रिल रोजी त्या खेळाडूला जाहीर निवेदन काढावे लागले की, निमंत्रण हल्ल्याच्या आधीचे आहे. आणि ज्या आईच्या साधेपणाचे वर्षभरापूर्वी कौतुक झाले, तिच्याच त्या शब्दांसाठी आज तिला लक्ष्य केले जात आहे, अशी खंतही त्याने व्यक्त केली. ज्याने देशाला ऑलिंपिकचे सुवर्ण आणि रौप्य दोन्ही आणून दिले, जो लष्करात आहे, त्याला स्वतःच्या देशप्रेमाचा दाखला द्यावा लागला! पाच महिन्यांनी, १४ सप्टेंबर २०२५ रोजी, दुबईत आशिया चषकाच्या सामन्यात भारत आणि पाकिस्तानच्या क्रिकेटपटूंनी हस्तांदोलनही केले नाही, आणि त्याचेही काहींनी स्वागतच केले.

प्रश्न असा आहे की, सरोजदेवींचे शब्द बदलले होते काय? नाही. मग बदलले काय? बदलली ती त्या शब्दांची किंमत. २०२४ मध्ये ते शब्द फुकट होते, म्हणून सर्वांना गोड लागले. २०२५ मध्ये त्या शब्दांमागे उभे राहायचे तर शिव्या खाव्या लागणार होत्या, तेव्हा गोडवे गाणारे क्षणात नाहीसे झाले. खेळाच्या मैदानावरील दयाभावाच्या गोष्टी आपल्याला फार आवडतात. शाळेच्या परिपाठात त्या सांगितल्या जातात, मोबाइलवरून फिरतात. परंतु त्या कृतीची किंमत कोणी मोजली, किती मोजली, आणि मोजताना त्याच्या बाजूला कोण उभे होते, हे विचारण्याची आपल्याला सवय नाही. आम्ही वकिली करतो. साक्षीदार साक्ष देऊन पिंजऱ्यातून उतरला की, त्याचे घरी काय होते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

बुद्धाच्या धम्मात मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा असे चार ब्रह्मविहार सांगितले आहेत. करुणेविषयी आपण पुष्कळ बोलतो. मुदितेविषयी मात्र फारसे बोलत नाही. मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या यशाने होणारा निर्मळ आनंद. दुःखी माणसाबद्दल कळवळा येणे तुलनेने सोपे आहे, कारण त्यात देणारा वरच्या पायरीवर असतो. परंतु ज्याने आपल्याला हरवले, त्याच्या यशाने आनंदित होणे ही फार अवघड गोष्ट आहे. खेळात ती रोजच्या रोज कसोटीला लागते. सरोजदेवींनी दाखवली ती दया नव्हती, मुदिता होती. दया आणि मुदिता यांतला हा फरक आपल्या चळवळीला चांगला कळतो. आपल्यावर दया दाखवणारे येथे पुष्कळ भेटले. आपल्या यशाने ज्यांना आनंद झाला, असे किती भेटले?

या संदर्भात एका गोऱ्या ऑस्ट्रेलियन धावपटूची गोष्ट आपण सर्वांनी नीट समजून घेतली पाहिजे. त्याचे नाव पीटर नॉर्मन. १६ ऑक्टोबर १९६८ रोजी मेक्सिको सिटी ऑलिंपिकमध्ये २०० मीटरची अंतिम शर्यत झाली. अमेरिकेचा टॉमी स्मिथ १९.८३ सेकंदांत पहिला आला, नॉर्मन २०.०६ सेकंदांत दुसरा आणि अमेरिकेचाच जॉन कार्लोस २०.१० सेकंदांत तिसरा. स्मिथ आणि कार्लोस हे दोघे कृष्णवर्णीय. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्युथर किंग यांची हत्या झाली होती. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांवरील अन्याय जगापुढे मांडण्याचे या दोघांनी ठरवले होते. पदक घेताना पायांत बूट न घालता काळे मोजे घालायचे, कारण ते गरिबीचे प्रतीक, आणि राष्ट्रगीत सुरू होताच काळा हातमोजा घातलेली मूठ उंचावायची.

नॉर्मनला त्यांनी हे आधी सांगितले आणि मानवी हक्कांवर तुझा विश्वास आहे का, असे विचारले. साल्वेशन आर्मीच्या संस्कारांत वाढलेल्या त्या माणसाने, आपला विश्वास आहे आणि आपण तुमच्याबरोबर उभे राहू, असे उत्तर दिले. कार्लोस आपले हातमोजे विसरून आला होता. एकच जोडी दोघांत वाटून घ्या, ही सूचना नॉर्मनची. म्हणूनच त्या जगप्रसिद्ध छायाचित्रात स्मिथची उजवी आणि कार्लोसची डावी मूठ वर दिसते. 'मानवी हक्कांसाठी ऑलिंपिक प्रकल्प' या स्मिथ-कार्लोसच्या संघटनेचा बिल्ला आपल्यालाही हवा, असे नॉर्मनने सांगितले. तो बिल्ला अमेरिकेच्या नौकानयन संघातील पॉल हॉफमन या गोऱ्या खेळाडूने आपल्या छातीवरचा काढून दिला. एवढ्याशा कृतीसाठी त्या हॉफमनलाही अंतिम शर्यतीच्या तोंडावर अमेरिकन ऑलिंपिक समितीपुढे जाब द्यावा लागला.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. नॉर्मनने स्वतः मूठ उंचावली नाही. तो आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या जागी सरळ उभा राहिला, छातीवर बिल्ला होता आणि नजर समोर होती. ती लढाई ज्यांची होती, त्यांचीच ठेवून तो बाजूला उभा राहिला. दलितांच्या लढ्यात सहानुभूतीने येऊन पहिल्या दिवशी ध्वनिक्षेपक हातात घेणारे आणि दुसऱ्या दिवशी आपल्यालाच मार्गदर्शन करू लागणारे पुरोगामी मित्र आपण पाहिले आहेत. त्यांनी ते छायाचित्र एकदा नीट पाहावे.

स्मिथ आणि कार्लोस यांना संघातून निलंबित करून ऑलिंपिक ग्रामातून बाहेर काढण्यात आले. मायदेशी त्यांना ठार मारण्याच्या धमक्या आल्या. नॉर्मनचे काय झाले? 'श्वेत ऑस्ट्रेलिया' धोरण तेव्हा अजून पुरते मोडीत निघाले नव्हते. त्या देशातील मूळनिवासींना जनगणनेत मोजण्याचा निर्णयही १९६७ च्या सार्वमतानंतरचा. अशा देशात नॉर्मन परतला. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकला त्याला पाठवले गेले नाही. आता वकील म्हणून दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत. निवडीच्या शर्यतीत नॉर्मन तिसरा आला होता, आणि आपण त्याला कधीच शिक्षा केली नाही, असे ऑस्ट्रेलियन ऑलिंपिक समितीचे म्हणणे राहिले. दुसरी बाजू अशी की, पात्रतेची वेळ त्याने वारंवार दिली होती, आणि त्याच्या देशाने पुढची अनेक वर्षे त्याचा हवा तसा गौरव केला नाही. पुढे दुखापत, नैराश्य, दारू यांनी त्याला गाठले. ३ ऑक्टोबर २००६ रोजी वयाच्या ६४ व्या वर्षी हृदयविकाराने त्याचे निधन झाले. त्याच्या शवपेटीला खांदा द्यायला अमेरिकेहून दोन माणसे आली होती. एकाचे नाव टॉमी स्मिथ आणि दुसऱ्याचे जॉन कार्लोस.

ऑक्टोबर २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदेने ठराव करून नॉर्मनची माफी मागितली. २०१८ मध्ये ऑलिंपिक समितीने त्याला मरणोत्तर सन्मान दिला, २०१९ मध्ये मेलबर्नला त्याचा पुतळा उभारला गेला. त्याची २०.०६ सेकंदांची वेळ ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय विक्रम म्हणून ५६ वर्षे टिकली. डिसेंबर २०२४ मध्ये तो विक्रम मोडला गाऊट गाऊट या तरुण धावपटूने. दक्षिण सुदानमधून ऑस्ट्रेलियात येऊन स्थायिक झालेल्या कृष्णवर्णीय कुटुंबातील हा मुलगा! नॉर्मन हयात असता तर त्याला किती आनंद झाला असता, याची कल्पना करता येते.

खेळात राजकारण आणू नका, असा उपदेश करणाऱ्यांनी आणखी एक नोंद घ्यावी. १९६८ मध्ये स्मिथ-कार्लोसवर कारवाईचा आग्रह धरणारे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष होते एव्हरी ब्रंडेज. हेच ब्रंडेज १९३६ मध्ये अमेरिकन ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष होते आणि हिटलरच्या बर्लिन ऑलिंपिकवर बहिष्कार घालण्याला त्यांनी कडाडून विरोध केला होता. बर्लिनच्या विजयमंचावर जर्मन खेळाडू नाझी पद्धतीने हात उंचावून सलामी देत होते, ते ब्रंडेज यांना राजकारण वाटले नाही. तिकडे हात चालला, इकडे मूठ चालली नाही! सत्ताधाऱ्यांचा हात म्हणजे शिष्टाचार आणि शोषितांची मूठ म्हणजे राजकारण, हा न्याय आपल्याला काही नवा नाही.

त्याच बर्लिनमध्ये लांब उडीत अमेरिकेच्या कृष्णवर्णीय जेसी ओवेन्सने ८.०६ मीटर उडी मारून सुवर्ण जिंकले आणि जर्मनीचा लुट्स लाँग ७.८७ मीटरवर दुसरा आला. पात्रता फेरीत अडचणीत आलेल्या ओवेन्सला लाँगने सल्ला दिला, ही गोष्ट जगभर सांगितली जाते. ती ओवेन्सने पुढे रंगवून सांगितली असावी, असे अभ्यासक मानतात. म्हणून आम्ही ती पुराव्यात धरत नाही. पण धरण्याची गरजही नाही. हजारो प्रेक्षकांसमोर, हिटलर पाहत असताना, या गोऱ्या जर्मनाने विजेत्याचे सर्वांत आधी अभिनंदन केले आणि त्याच्या हातात हात घालून तो मैदानात चालला. याची छायाचित्रे आहेत, साक्षीदार आहेत. लाँग कायद्याचा विद्यार्थी होता, पुढे वकील झाला. १९४३ मध्ये सिसिलीत जर्मन सैनिक म्हणूनच तो युद्धात मारला गेला.

या दुसऱ्या गोष्टीतून आम्ही जरा कडवट निष्कर्ष काढतो. लाँगच्या मैत्रीने नाझी छळछावण्या थांबल्या नाहीत. आणि चार सुवर्णपदके घेऊन अमेरिकेला परतलेल्या ओवेन्सला त्याच्या राष्ट्राध्यक्षांनी अभिनंदनाची तारही पाठवली नाही. न्यूयॉर्कच्या ज्या हॉटेलात त्याचा सत्कार होता, तेथे वर जाण्यासाठी त्याला मालवाहू लिफ्ट वापरावी लागली. एका माणसाचे मन चांगले असून भागत नाही. कायदा आणि व्यवस्था बदलावी लागते. परंतु म्हणून लाँगची कृती निरर्थक ठरते काय? आम्हाला तसे वाटत नाही. व्यवस्था बदलण्यापूर्वी, ती बदलू शकते हे कोणीतरी भर मैदानात दाखवावे लागते.

आपल्या महाराष्ट्रात असे दाखवणारे कोण होते? पळवणकर बाळू हे नाव चळवळीच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. चर्मकार समाजात जन्मलेला हा डावखुरा गोलंदाज पुण्याच्या गोऱ्या साहेबांच्या क्लबात मैदानाची कामे करता करता तयार झाला. गोऱ्यांना हरवायचे तर बाळू हवा, म्हणून पुण्याच्या हिंदू क्लबाने त्याला संघात घेतले. मैदानावर त्याच्या हातचा चेंडू सर्वांना चालत होता. पण चहाची वेळ झाली की, इतर खेळाडू आत चिनी मातीच्या कपातून चहा घेत आणि बाळूला तो बाहेर, वापरून फेकायच्या मातीच्या भांड्यात दिला जाई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला मिळाले नाही. १९२० मध्ये त्याचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी या अन्यायाविरुद्ध संघातून माघार घेतली. त्यानंतर कुठे १९२३ मध्ये विठ्ठल पळवणकर हिंदू संघाचा कर्णधार झाला. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले, हा इतिहास आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. पण त्यामुळे त्या मातीच्या भांड्याचा अपमान कमी होत नाही. त्या चहाच्या वेळी संघातला एखादा खेळाडू आपला कप घेऊन बाहेर बाळूजवळ येऊन बसला असता तर? तो आला असता तर आज आपण त्याचेही नाव घेतले असते.

हे सारे जुने झाले, असे कोणी म्हणेल. दि. १ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडीत कतारचा मुताझ बर्शिम आणि इटलीचा जानमार्को तांबेरी यांनी २.३७ मीटरवर बरोबरी झाल्यावर सुवर्णपदक वाटून घेतले. सारे जग हेलावले. नियमात तशी तरतूद होती म्हणून ते शक्य झाले, हेही ध्यानात ठेवावे. त्या घटनेच्या आदल्याच दिवशी, ३१ जुलैला, वंदना कटारिया या आपल्या हॉकीपटूने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले होते. ऑलिंपिकमध्ये अशी कामगिरी करणारी ती पहिली भारतीय महिला. आणि ४ ऑगस्टला भारताचा संघ उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाकडून १-२ असा हरताच, हरिद्वारजवळच्या तिच्या घरासमोर फटाके वाजवून जातिवाचक शिवीगाळ करण्यात आली, संघात दलित फार झाले म्हणून हरलो असे म्हटले गेले, अशी तक्रार तिच्या कुटुंबीयांनी केली. गुन्हा नोंदला गेला, अटकाही झाल्या. टोकियोत कर्णधार राणी रामपालने ही लाजिरवाणी गोष्ट असल्याचे जाहीरपणे सांगितले. ६ ऑगस्टला ब्रिटनविरुद्ध कांस्यपदकाच्या सामन्यात वंदना पुन्हा मैदानात उतरली आणि तिने गोलही केला. राणी बोलली, ही चांगली गोष्ट झाली. पण देशात दरवर्षी कोट्यवधी रुपये कमावणारे किती पुरुष खेळाडू त्या वेळी बोलले?

शेवटी आमच्या वकिलीतील एक अनुभव. काही वर्षांपूर्वी एका गावात टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धेत आपल्या वस्तीच्या संघाने गावच्या संघाला हरवले. बक्षीस वाटपाच्या वेळी भर मैदानात आपल्या पोरांना जातीवरून शिव्या दिल्या गेल्या, मारहाण झाली. ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. लोकांच्या देखत शिवीगाळ झाली हे सिद्ध करायला वस्तीबाहेरचा साक्षीदार हवा होता. मैदानावर शे-दोनशे माणसे होती, पण ऐकले कोणीच नव्हते! गावच्याच संघाचा यष्टिरक्षक असलेला एकोणीस वर्षांचा सवर्ण मुलगा मात्र पुढे आला. उलटतपासणीत तासभर त्याला घोळात घेतले गेले, तरी तो हलला नाही. कोणी पढवून पाठवले, असे विचारल्यावर, मी स्टंपामागे उभा असतो, मला सगळे ऐकू येते, असे तो म्हणाला. पुढे बाकीचे साक्षीदार फितूर झाले आणि आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटले. त्या मुलाला गावच्या संघाने पुन्हा घेतले नाही. घरच्यांनीही वर्षभर धड बोलणे टाकले होते.

मग तो कुठे खेळत होता? आपल्या वस्तीच्या संघात. आपल्या पोरांनी त्याला घरी जाऊन बोलावून आणले. सांगताना आम्हाला अभिमान वाटतो की, त्यांनी त्याला जातीवरून नव्हे, त्याच्या झेलांवरून जोखले. नॉर्मनच्या शवपेटीला स्मिथ आणि कार्लोसने दिलेला खांदा आणि या पोरांनी दिलेली संघातली जागा, या दोन्हींत आम्हाला फरक दिसत नाही. आपल्यासाठी किंमत मोजणाऱ्याला एकटे पडू द्यायचे नाही, ही आपलीही जबाबदारी आहे.

बंधुता मुळावल्याशिवाय स्वातंत्र्य आणि समता वरवरच्याच राहतील, असा इशारा बाबासाहेबांनी संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी दिला होता. कायद्याची लढाई आपण लढतोच आहोत आणि ती लढत राहू, कारण हक्क कोणाच्या दयेवर सोडता येत नाहीत. खेळाच्या संघटनांनी जातिवाचक अपमानाविरुद्ध स्पष्ट नियम करावेत, तक्रारीची सोय करावी, गावपातळीच्या स्पर्धांना वर्गणी देणाऱ्या पुढाऱ्यांनीही त्याची हमी द्यावी, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. परंतु नियम राबवायला माणसे लागतात आणि ऐकलेले ऐकले म्हणून सांगायलाही माणसेच लागतात.

अमेरिकेतील सॅन होजे विद्यापीठात २००५ साली स्मिथ आणि कार्लोस यांचे पुतळे विजयमंचावर उभे करण्यात आले. दुसऱ्या क्रमांकाची जागा मात्र रिकामी आहे. आपला पुतळा नको, येणाऱ्या कोणालाही तेथे उभे राहता यावे, असे खुद्द नॉर्मननेच सांगितले होते. आज तेथे मुले येतात, त्या जागेवर चढून उभी राहतात. आपल्या गावाच्या मैदानावरही ती जागा रिकामीच आहे. तेथे कोण उभे राहते याची वाट आपण पाहूच. पण आपल्याहून दुबळ्या कोणावर वेळ आली, तर त्या जागेवर आधी आपण उभे राहिलेले असले पाहिजे.